पूपवरून रिकामं केलेलं पीप

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पॅसिफिक महासागरातल्या प्लॅस्टिकवर लेख आला होता. विषय घेतलात याबद्दल आधी आभार मानतो. पण मथळ्यात ‘कचऱ्याचं बेट’ असं म्हटलंय, आणि खालच्या फोटोत पिशव्या-बाटल्यांची इतकी दाटी आहे की पाणी दिसत नाही, मधून एक माणूस छोटी होडी वल्हवतोय. मी पस्तीस वर्षं व्यापारी जहाजांवर काढली. खलाशी म्हणून चढलो, सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुख्य म्हणून उतरलो. तो फोटो भर समुद्रातला नाही. फटीतून दिसणारं पाणी मातकट हिरवं आहे, लाटेला उंची नाही, आणि वल्ह्याच्या होडीतून एकटा माणूस किनाऱ्यापासून हजार मैलांवर जात नाही. कुठल्या तरी बंदरातला किंवा खाडीतला तो फोटो आहे.

एवढं खटकायचं कारण सांगतो. बेट म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, कोणीतरी मोठं जहाज घेऊन जाईल आणि उचलून आणेल. शिवाय बेट हे आपोआप तयार झाल्यासारखं वाटतं, ते कुणी टाकलं असं कोणी विचारत नाही. मला विचारावं लागत नाही. त्या पाण्यात मी स्वतः टाकलंय.

1976 साली मी पहिल्यांदा जहाजावर चढलो, वय एकोणीस. पुढं काही वर्षांनी आमचं जहाज अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरून मका भरून जपानला न्यायचं. पनामा कालवा ओलांडला की समोर पाण्याशिवाय काही नाही. थंडीत वरच्या अंगाला, अलास्काकडे, एकामागून एक वादळं असतात. म्हणून आमचे कॅप्टन लांबचा पण शांत रस्ता धरायचे, खालून, हवाईच्या बाजूनं. तिथं दिवसचे दिवस वारा पडलेला असायचा. पाणी दौतीतल्या शाईसारखं निळं. अरबी समुद्रावर वाढलेल्या माणसाला ते पाणी खरं वाटत नाही. आपल्या पाण्यात गाळ असतो, मासळी असते, वर पाखरं घिरट्या घालतात. तिथं पाखरूसुद्धा क्वचित दिसायचं.

त्या पाण्यात आम्ही रोज संध्याकाळी कचरा टाकायचो. पूपवर, म्हणजे जहाजाच्या अगदी मागच्या डेकवर, तेलाचं अर्धं कापलेलं पीप ठेवलेलं असे. भंडाऱ्याच्या गॅलीतला, म्हणजे स्वयंपाकघरातला कचरा, केबिनींतला, इंजिनवाल्यांचा, सगळा त्यात. संध्याकाळच्या चहानंतर दोन खलाशी ते उचलून कठड्यावरून उलटं करायचे. दूध पावडरीच्या पिशव्या, शांपूच्या बाटल्या, थर्माकोलचे तुकडे, रंगाचे रिकामे डबे. हॅचवर, म्हणजे माल भरायच्या तोंडावर टाकलेली प्लॅस्टिकची ताडपत्री फाटली की तीही. जुना दोर बाद झाला की हात-हातभर तुकडे करून पाण्यात. सुरुवातीला मी पीप उचलणाऱ्या दोघांतला एक होतो. टंडेल, म्हणजे सारंगाच्या खालोखालचा झाल्यावर उचलायला सांगणारा झालो.

तेव्हा आम्ही कायदा मोडत नव्हतो. जहाजावरून समुद्रात प्लॅस्टिक टाकायला बंदी करणारा आंतरराष्ट्रीय नियम 31 डिसेंबर 1988 ला अमलात आला. तो आल्यावर एका रात्रीत सगळं सुधारलं असंही नाही. एका जहाजावर नियमाचा कागद मेसच्या भिंतीला चिकटवलेला होता आणि मध्यरात्रीनंतरच्या पाळीत पिशव्या पाण्यात जात होत्या. ते मी पाहिलं आणि गप्प बसलो. नोकरी होती, घरी तीन पोरं होती. पण गप्प बसलो हे खरं आहे.

आता तुम्ही विचाराल, इतकी वर्षं त्या पाण्यातून ये-जा केली तर तुला तो कचरा दिसला कसा नाही? मलाही हाच प्रश्न पडायचा. त्याचं उत्तर मला 2014 च्या उन्हाळ्यात मिळालं.

माझी मुलगी आणि जावई बॉस्टनजवळ राहतात. त्यांच्याकडे गेलो असताना एका शनिवारी ती दोघं मला वूड्स होल या गावी घेऊन गेली. समुद्राचा अभ्यास करणाऱ्यांचं ते गाव. धक्क्याला एक शिडाचं जहाज बांधलेलं होतं, कॉर्विथ क्रेमर. दोन डोलकाठ्या, पुढच्या काठीवर आडव्या काठ्यांना चौकोनी शिडं, लांबी 134 फूट. मुलगी म्हणाली, “बाबा, तुमच्या डोळ्यांत पाणी आलंय.” आलं असेल. शिडाचं जहाज लहानपणी पालशेतच्या खाडीत पाहिलं होतं, कौलं आणि मीठ घेऊन जाणारी गलबतं. त्यानंतर एवढं जवळून तेव्हाच.

डेकवर पंचविशीतली एक मुलगी वार्निश खरवडत होती. मी जहाजावरचा माणूस आहे म्हटल्यावर तिनं वर बोलावलं. ते जहाज सी एज्युकेशन असोसिएशन या संस्थेचं. ही संस्था 1971 पासून कॉलेजच्या मुलांना शिडाच्या जहाजावर नेते, मुलं शिडंही ओढतात आणि समुद्राचा अभ्यासही करतात. कठड्याला एक जाळं वाळत घातलं होतं. माझा हात आपोआप त्याच्या आसावर, म्हणजे छिद्रांवर गेला. आपल्याकडे जवळ्याचं जाळं बारीक असतं, हे त्याच्याहून कितीतरी बारीक, एक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा आस. तोंडाला धातूची चौकट, एक मीटर रुंद, अर्धा मीटर उंच. मागं निमुळतं होत गेलेलं, टोकाला माल गोळा करायला डबा.

त्यांना हे जाळं पाण्याच्या पृष्ठभागावर ओढायचं असतं, अर्धं पाण्यात, अर्धं वर. ते ओढायची रीत तिनं सांगितली तेव्हा सारंग म्हणून मला फार बरं वाटलं. जहाजाच्या मागं ओढलं तर जहाजानं घुसळलेलं पाणी जाळ्यात येतं, म्हणून ते बाजूला काठी काढून तिच्यावरून सोडतात. वेग दोन नॉट, म्हणजे तासाला दोन सागरी मैल. अर्धा तास ओढायचं, म्हणजे बरोबर एक सागरी मैल. एक मीटर रुंदीनं एक मैल म्हणजे 1852 चौरस मीटर पाणी, आपल्या हिशेबात अठरा गुंठे. एकदा दुपारी, एकदा मध्यरात्री. मग डबा वर घ्यायचा, चाळायचा आणि चिमट्यानं एक-एक कण वेगळा करायचा. मासळीची पिल्लं एकीकडे, पाण्यावर चालणारे किडे एकीकडे, प्लॅस्टिक एकीकडे. तेही मोजून, वहीत लिहून. जहाज डोलतंय, पोटात ढवळतंय, रात्रीचा एक वाजलाय आणि विशीतली पोरं भिंगाखाली चिमटा धरून बसलीयत.

तिथं एका बाटलीत एका ओढीचा माल मला पाहायला मिळाला. एखादी बाहुली, चप्पल, बाटली, असं काहीतरी असेल असं मला वाटलं होतं. त्यात होता चुरा. पांढरा, पिवळट, थोडा निळा, नखाच्या कोरीएवढे तुकडे, दोऱ्याची कुसळं. मधेच साबुदाण्यासारखे गोल दाणे. कारखान्यात वस्तू ओतायला जो प्लॅस्टिकचा दाणा येतो तोच, वस्तू व्हायच्या आधीच समुद्रात गेलेला. तेव्हा कळलं आम्हाला का दिसलं नाही. आमचा ब्रिज, म्हणजे जहाज चालवायची खोली, पाण्यापासून पाच-सहा मजले उंच, वेग चौदा-पंधरा नॉट, आणि खाली तांदळाच्या कणीएवढे कण. दिसणार कसे?

आणि ती दोऱ्याची कुसळं. ज्यानं जहाजाचे दोर हाताळले त्याला ती लगेच ओळखू येतात. आमच्याकडे दोन तऱ्हेचे दोर असायचे. नायलॉनचा पाण्यात बुडतो. पॉलिप्रॉपिलीनचा तरंगतो, समुद्राच्या पाण्याहून हलका असतो. हा तरंगणारा दोर उन्हात काही महिने राहिला की वरून कडक होतो आणि हातमोज्याला त्याचा भुगा लागायला लागतो. खलाशी तो भुगा झटकून टाकतात. मीही हजारदा झटकला. प्लॅस्टिक कुजत नाही, उन्हानं भुगा होतं, हे जगातल्या प्रत्येक खलाशाला हातानं ठाऊक आहे. पुढचा विचार आम्ही केला नाही, इतकंच.

त्याच्या दोन वर्षं आधी, 2012 च्या ऑक्टोबरात, याच संस्थेचं दुसरं जहाज कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोहून खास प्लॅस्टिकच्या अभ्यासाला निघालं होतं, हे तिनं मला सांगितलं. रॉबर्ट सी. सीमन्स त्याचं नाव. पाचेक आठवडे ते त्या पाण्यात फिरत, जाळी टाकत, नोव्हेंबरात होनोलुलूला लागलं. म्हणजे साधारण आमच्याच मक्याच्या वाटेवर. आम्ही जिथं पिपं उलटी केली तिथं तीस वर्षांनी कोणीतरी शिडं उतरवून, जहाजाचा वेग मारून, चिमट्यानं ते वेचत होतं. हे ऐकल्यावर मी बराच वेळ काही बोललो नाही. त्या मुलीला वाटलं माझं इंग्रजी कमी पडतंय.

त्या सफरीला आणखी एक कारण होतं. 11 मार्च 2011 ला जपानला भूकंप आणि त्सुनामी झाली. जपान सरकारच्या अंदाजानं 50 लाख टन सामान समुद्रात ओढलं गेलं. त्यातलं सुमारे 70 टक्के किनाऱ्याजवळच बुडालं, उरलेलं 15 लाख टन तरंगत निघालं. जून 2012 मध्ये अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यावर एक 66 फुटी काँक्रीटचा धक्का येऊन लागला, तो मिसावा बंदरातून तुटून आला होता आणि त्याला चिकटलेले जपानी किनाऱ्यावरचे जीव पंधरा महिन्यांच्या प्रवासानंतरही जिवंत होते. मधल्या पाण्यात त्यातलं किती आहे, हे सीमन्सच्या लोकांना पाहायचं होतं. हे काम दिसतं तितकं सोपं नाही. जपानी अक्षरांचा बोया, म्हणजे जाळ्याला बांधायचा तरंगता गोळा सापडला म्हणजे तो त्सुनामीतलाच असं म्हणता येत नाही, त्या पाण्यात जपानी बोटी कायम मासेमारी करतात आणि बोये कायम सुटतात. जहाजावर उभं राहून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच. आधी किती होते याची नोंद असेल तरच नवे किती आले ते सांगता येतं. (आणि त्या सामानाला कचरा म्हणताना माझा हात अडखळतो. ती लोकांची घरं होती.)

नोंदीचं सांगतो, कारण माझ्या पत्राचं खरं कारण तेच आहे. या संस्थेच्या जहाजांनी अटलांटिकच्या पश्चिम भागात आणि कॅरिबियन समुद्रात 1986 ते 2008 अशी 22 वर्षं तेच जाळं त्याच रीतीनं ओढलं. एकूण 6,136 वेळा. 64,000 हून जास्त तुकडे, सगळे हातानं वेचलेले, सुमारे 7,000 विद्यार्थ्यांच्या हातांनी. 2010 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचा निष्कर्ष छापून आला. शंभरातल्या 62 ओढींत प्लॅस्टिक होतं आणि सगळ्यात दाटी 22 ते 38 अंश उत्तर अक्षांशांच्या पट्ट्यात, जिथं वारे मंद असतात आणि चारी बाजूंचे प्रवाह पाणी आत ढकलतात. मी अठरा गुंठ्यांचा हिशेब लावून पाहिला. 22 वर्षांत मिळून जेमतेम अकरा-साडेअकरा चौरस किलोमीटर पाणी चाळलं गेलं. समुद्राच्या मानानं काहीच नाही. पण तेच जाळं, तीच रीत, म्हणून सालं एकमेकांशी ताडून पाहता येतात.

आणि ताडून पाहिल्यावर निघालं ते कोणालाच अपेक्षित नव्हतं. त्या 22 वर्षांत जगात प्लॅस्टिकचं उत्पादन कितीतरी वाढलं, पण त्या पट्ट्यातल्या पाण्यावरचं प्लॅस्टिक वाढलेलं दिसलं नाही. मग गेलं कुठं? जाळ्याच्या आसातून निसटेल इतकं बारीक झालं असेल. त्यावर शेवाळ-शिंपले बसून जड होऊन बुडालं असेल. माशांच्या, पाखरांच्या पोटात गेलं असेल. शिवाय वारा. वारा वाढला, लाट फुटायला लागली की हलके कण खाली घुसळले जातात आणि पृष्ठभाग स्वच्छ दिसतो. वारा पडला की परत वर येतात. म्हणून ओढ घेताना वाऱ्याचा वेग लिहिला नाही तर मोजणी वाया जाते. हे कोळ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही, मासळी वर कधी येते आणि खाली कधी जाते हे तो वाऱ्यावरूनच सांगतो.

बेट असतं तर एक फोटो पुरला असता. चुरा आहे म्हणून बावीस वर्षं जाळं ओढावं लागतं.

हे काम शिडाच्या जहाजांनी केलं यालाही कारण आहे असं मला वाटतं. 1997 मध्ये चार्ल्स मूर हे गृहस्थ लॉस एंजेलिसहून होनोलुलूच्या शर्यतीला गेले होते. परत येताना त्यांनी आपली शिडाची बोट त्या शांत पाण्यातून आणली. बोट बुटकी, वेग कमी, म्हणून त्यांना पाण्यावरचे तुकडे दिसत राहिले. दोन वर्षांनी ते जाळं घेऊन परत गेले. त्यांच्या मोजणीत प्लॅस्टिकचं वजन तिथल्या तरंगत्या सूक्ष्म जिवांच्या वजनाच्या सहापट भरलं. इतक्या वर्षांत त्या बाजूनं आमच्यासारखी किती जहाजं गेली असतील. ज्याला घाई नव्हती त्याला दिसलं.

एक आकडा मला रात्री झोपू देत नाही, तोही लिहितो. 2015 साली हवाई आणि कॅलिफोर्नियाच्या मधल्या पाण्यात मोठी मोजणी झाली, तिचे निष्कर्ष 2018 मध्ये आले. वजनाच्या हिशेबात तिथला 46 टक्के माल मासेमारीची जाळी होती. मोठ्या वस्तूंपैकी 50 वस्तूंवर त्या कधी बनल्या ते वाचता आलं. एक 1977 ची होती, सात 1980 ते 89 मधल्या. आमच्या पिपातली एखादी असेल की नाही, कोण जाणे. पण आमच्या वेळची होती.

आता आपल्या पाण्याकडे येतो.

आपल्या समुद्राला तिकडच्यासारखा, चारी बाजूंनी पाणी आत ढकलणारा प्रवाहांचा कायमचा भोवरा नाही. पावसाळ्यात किनाऱ्यालगतचं पाणी दक्षिणेकडे वाहतं, थंडीत उलटं उत्तरेकडे. इथलं प्लॅस्टिक एका जागी साचत नाही, बरंचसं किनाऱ्यावर येऊन पडतं. जूनच्या पहिल्या उधाणानंतर गुहागरपासून वेळणेश्वरापर्यंत कुठंही या आणि भरतीची रेघ पाहा. चपला, बाटल्या, थर्माकोल, तुटलेली जाळी. मी नातवंडांना घेऊन घरातली रव्याची चाळण आणि पातेलं घेऊन जातो. वाळू पाण्यात ढवळली की कण वर येतात. धाकटी नात पहिल्या दिवशी म्हणाली, “आजोबा, वाळूत साबुदाणा कोणी टाकला?” तोच दाणा. वूड्स होलच्या बाटलीतला.

2025 च्या 25 मे ला एमएससी एल्सा 3 हे जहाज कोचीजवळ बुडालं आणि केरळच्या किनाऱ्यावर या दाण्यांचे ढीग लागले, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. उद्या त्यातला दाणा आपल्याकडे आला तर तो नवा की जुना हे कशावरून सांगणार? जपानी बोयाचीच गोष्ट. आधीची नोंद हवी.

आपल्याकडे काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ समुद्रातल्या आणि किनाऱ्यावरच्या प्लॅस्टिकवर काम करतात. आणि शिडाच्या जहाजांचं म्हणाल तर आपण कोणाच्या मागं नाही. म्हादेई आणि तारिणी या दोन्ही नौका मांडवीतल्या दिवाडी बेटावरच्या गोदीत रत्नाकर दांडेकरांनी बांधल्या. म्हादेईवरून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. तारिणीवरून सप्टेंबर 2017 ते मे 2018 या काळात नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी प्रदक्षिणा केली, तेव्हा भर समुद्रातल्या प्रदूषणावर नजर ठेवणं हेही त्यांच्या कामात होतं. 2025 च्या 29 मे ला तारिणी पुन्हा जगाला फेरी मारून गोव्यात आली, या खेपेला दोनच महिला अधिकारी, दिलना के. आणि रूपा ए. जमिनीपासून सगळ्यात दूर असलेल्या पॉइंट नेमोजवळून त्यांनी पाण्याचे नमुने घेतले, ते आपल्या समुद्रविज्ञान संस्थेसाठी. नौदलाची तरंगिणी आणि सुदर्शिनी ही तीन डोलकाठ्यांची शिकाऊ जहाजं तर दरवर्षी तरुण कॅडेट घेऊन याच पाण्यात फिरतात.

माझं मागणं एवढंच आहे. तरंगिणी आणि सुदर्शिनी प्रत्येक सफरीला एक मीटर रुंदीचं ते जाळं घेऊन जावोत. दुपारी एक ओढ, मध्यरात्री एक ओढ, अर्धा-अर्धा तास. कॅडेटनी स्वतः वेचावं, मोजावं, वहीत तारीख, जागा, वाऱ्याचा वेग लिहावा आणि माल दोना पावलाला द्यावा. बाजूला काढायची काठी, चौकट आणि कापड, याचा खर्च एका शिडाच्या किमतीपुढं काहीच नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा, कारण आपला प्रवाह उलटतो. आणि हे दोन वर्षांचा प्रकल्प म्हणून नको. वीस वर्षांसाठी हवं, आज शाळेत असलेल्या मुलांनी शेवटची ओढ घ्यावी इतकं लांब. असं काम करायला जिद्दीपेक्षा सवय लागते, आणि सवय लावण्यात नौदलाचा हात कोणी धरणार नाही.

किनाऱ्याजवळचं पाणी आपल्या मच्छीमारांनी मोजावं. फेब्रुवारी 2023 मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर दोन मादी कासवांच्या पाठीवर उपग्रहाचं यंत्र बसवलं, बागेश्री आणि गुहा अशी त्यांची नावं. बागेश्री वळसा घालून पार श्रीलंकेपलीकडे गेली आणि इथली शाळकरी पोरं रोज नकाशावर ती कुठं पोचली ते पाहत होती. ज्या पाण्यातून ती गेली त्या पाण्यात सुटलेली जाळी किती, हेही त्याच पोरांना मोजता येईल.

लोक म्हणतील, मोजून काय होणार, आधी टाकणं बंद करा. मला हे पटतं. पण मी टाकणाऱ्यांतला आहे, म्हणून सांगतो. आम्हाला कोणी ‘समुद्र घाण होतो’ म्हटलं की आम्ही मागं पाहायचो, पाणी निळंच दिसायचं, आणि दुसऱ्या दिवशी पीप परत उलटं व्हायचं. त्या वेळी एखाद्यानं मला ती बाटली दाखवली असती आणि सांगितलं असतं की हे तू काल गेलास त्या पाण्यातलं, अठरा गुंठ्यांतलं, तर पूपवर मी वेगळा वागलो असतो असं मला मनापासून वाटतं.

पालशेत बंदरातल्या एका तरुण नाखव्याशी मी बोललोय. त्याची होडी सध्या वर ओढून ठेवली आहे, नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात जाईल. महिन्यातून दोनदा अर्धा तास जाळं ओढायला तो तयार आहे, डिझेलचे पैसे मी देणार आहे. चौकट मी ॲल्युमिनियमच्या पट्टीची करून घेतली, बाजूच्या काठीला सागाचा वासा मिळाला. अडलंय ते कापडावर. एक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसाचं कापड आपल्याकडच्या जाळ्यांच्या दुकानात मिळत नाही. समुद्रविज्ञान संस्थेतल्या किंवा रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयातल्या कोणी ते कुठं मिळेल हे कळवलं, आणि वहीत काय-काय रकाने आखायचे ते एकदा येऊन दाखवलं, तर उपकार होतील. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे. पौर्णिमेला आता थोडेच दिवस राहिलेत.

आपला नम्र,
एक निवृत्त सारंग
पालशेत, ता. गुहागर, जि. रत्नागिरी